प्रसादाचं विचारलंस, कमिशनचं विचारलं नाहीस

जय ख्रिस्त, भावा.

तू लिहिलेलं दोनदा वाचलं. घर श्रीरामपूरकडचं, वय चोवीस, कळंगुटच्या हॉटेलात कॅप्टन म्हणून लागून सात महिने, अर्धा पगार आईला जातो. चार अडचणी सांगितल्यास. रविवारी ड्युटी असते म्हणून मिस्सा (चर्चमधली उपासना) बुडतो, आणि गेलोच तर कोंकणी डोक्यावरून जाते. स्टाफच्या गणपतीत आरतीला उभं राहावं का, प्रसाद घ्यावा का. खोलीतली पोरं रात्री बाटली काढतात. आणि चर्चमधल्याच एका माणसाने तुला ‘घाटी’, म्हणजे घाटावरचा उपरा, म्हटलं. शेवटी जाता जाता एक ओळ टाकलीस, की बाकी माझं वागणं सरळ आहे, टॅक्सीचं आणि काजूच्या दुकानाचं कमिशन तेवढं सुटतं, ते तर इथे सगळेच घेतात.

मी त्या ओळीपाशी अडलो. पण आधी तुझे प्रश्न घेतो, ते तुला वाटतात तेवढे अवघड नाहीत.

रविवारचं म्हणशील तर शनिवारी संध्याकाळचा मिस्सा रविवारचाच धरतात. ही पळवाट नाही, चर्चचा लेखी नियम आहे. सेंट अ‍ॅलेक्स चर्चला एकदा जाऊन मिस्साच्या वेळा बघून ये आणि मग ड्युटी लावणाऱ्याशी बोल. सुट्टी माग म्हणत नाही, शनिवारी संध्याकाळचा एक तास माग, आणि बदल्यात दुसऱ्याचा नकोसा तास घे. आणि एखाद्या आठवड्यात खरंच जमलं नाही, तर इतरांना जेवू घालणाऱ्यांना रविवारी राबावं लागतं हे चर्चलाही ठाऊक आहे. चर्चच्या धर्मशिक्षणाच्या पुस्तकात त्या जागी हॉटेलांचा चक्क उल्लेख आहे. तेव्हा दुसरा कुठला तरी वेळ देवासाठी आणि विश्रांतीसाठी राखायचा. मला बुधवार मिळायचा. एक मात्र स्वतःला विचार, मीही विचारायचो: आड येते ती ड्युटी, की रात्री दोनपर्यंत मोबाइल बघून सकाळी उठवत नाही ते? माझ्या बाबतीत बहुतेक रविवारी दुसरंच कारण असायचं.

गणपतीचं. बायबलात २ राजे, पाचवा अध्याय काढ. नामान सेनापती कोडातून बरा झाला, एकाच देवाला मानायचं ठरवलं, आणि लगेच अलीशा संदेष्ट्यापुढे तुझीच अडचण मांडली: माझा धनी रिम्मोनाच्या देवळात माझ्या हातावर टेकून नमन करतो, तेव्हा मलाही वाकावं लागतं, त्याचं काय? अलीशाने त्याला व्याख्यान दिलं नाही. शांतीने जा म्हणाला. मी आरतीच्या वेळी मागे गप उभा राहतो, ताट ओवाळत नाही, आणि नंतर सतरंज्या उचलायला सगळ्यात पुढे असतो. प्रसादाचं पौलाने करिंथकरांना सांगून ठेवलं आहे. मूर्ती काही नसते, अन्न ते अन्न. पण हे वाहिलेलं आहे असं कोणी मुद्दाम सांगितलं तर त्या सांगणाऱ्याच्या विवेकासाठी खाऊ नको. म्हणून मी प्रसादाला हात जोडून नको म्हणतो आणि जेवायच्या पंगतीला हक्काने बसतो. माझी बायको प्रसाद घेते. तिचं म्हणणं, देणाऱ्याचं मन मोडणं जास्त वाईट. एका घरात दोन मतं इतकी वर्षं नांदताहेत. चवथीला शेजारणीकडून नेवऱ्यांचं ताट येतं, नाताळला आमच्याकडून करंज्या जातात (वस्तू एकच, नाव वेगळं). गोव्यात याची फार चिंता करणारा तू मला पहिला दिसलास. म्हापशाला मिलाग्रिस सायबिणीच्या (मरियामातेच्या) फेस्ताला, म्हणजे सणाला, हिंदू बाया लईराई देवीची बहीण म्हणून तिला तेल वाहतात, आणि कोणाची छाती दडपत नाही.

बाटलीचं थोडक्यात. पिणंच पाप असं आपलं चर्च म्हणत नाही, कानाच्या लग्नात पाण्याचा द्राक्षारसच झाला होता. माझे वडील दारूने गेले म्हणून मी शिवत नाही, एवढंच. पोरांना उपदेश करू नको. ती पीत बसली की तू अंडी परत. दुसऱ्या दिवशी ज्याला ताप असेल तो तुलाच हाक मारील.

आता ती ओळ.

मी १९९९ ला इकडे आलो. चौथ्या वर्षी बार्देशातल्या एका हॉटेलात स्टोअरकीपर झालो. मासळी रोज सकाळी यायची, प्लॅस्टिकच्या क्रेटमध्ये, बर्फात गाडलेली. वजनकाटा मागच्या दाराशी. पुरवठादाराचा माणूस क्रेट बर्फासकट काट्यावर ठेवायचा, आकडा मोठ्याने म्हणायचा, आणि मी बिलावर सही करायचो. वीस किलो विसवण, म्हणजे सुरमई. त्यातला तीन-साडेतीन किलो बर्फ आणि पाणी, हे त्याला माहीत, मला माहीत, शेफलाही माहीत. पावसाळ्यात ट्रॉलर बंद असतात (आता १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस), तेव्हा भाव चढतो आणि त्या तीन किलो पाण्याची किंमतही चढते. महिनाअखेरीला मला एक पाकीट मिळायचं. पाचशे रुपये. मी मागितलं नव्हतं. परतही केलं नाही. आधीचा स्टोअरकीपरही घ्यायचा, त्यानेच मला कोणाकडून येतं ते सांगून ठेवलं होतं.

आठ महिने चाललं. त्याच काळात मी गणपतीचा प्रसाद नाकारत होतो, तुझ्यासारखाच ताठ मानेने.

मुलीचं पहिलं कम्युनियन (मिस्सातली पवित्र भाकर पहिल्यांदा घेण्याचा विधी) आलं. पाकिटाच्या पैशांतून मडगावच्या बाजारात तिला पांढरा फ्रॉक घेतला, खाली चार बोटं लेस. मिस्सा कोंकणीत चालू होता, मला तेव्हा येत नव्हती, म्हणून प्रभूची प्रार्थना मी मनातल्या मनात मराठीत म्हणत होतो, मत्तयाच्या शुभवर्तमानातली, आजीने पाठ करून घेतलेली. त्यात ‘अपराध’ नाही, ‘ऋण’ आहे. जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे. पोरगी पुढे हात जोडून उभी, लेस हलतेय, आणि माझ्या डोक्यात हिशेब सुरू झाला. पाचशे गुणिले आठ. मी आयुष्यभर आकडेच मोजत आलो, तो एवढा आकडा मात्र आठ महिन्यांत मांडला नव्हता.

कुमसाराला, म्हणजे फादरपुढे पाप कबूल करायला, गेलो. फादर इथलेच, त्यांची मराठी मोडकी, माझी कोंकणी त्याहून. सगळं ऐकून त्यांनी एकच विचारलं, पैसे कोणाचे? म्हटलं, मालकाचे. मग म्हणाले, देवाला सांगितलंस, आता मालकाला सांग. घेतलेलं परत करणं हा पश्चात्तापाचाच भाग आहे, ते काही वरचं पुण्य नाही. बायबलातल्या जक्कय जकातदाराने चौपट परत करतो म्हटलं होतं. माझी ऐपत तेवढीच्या तेवढी फेडायची होती, तीही हप्त्याने.

शाबासकी मिळाली नाही, हे आधीच सांगतो, कारण साक्षीच्या गोष्टींत नेहमी शेवटी बढती मिळते. मालकाने ऐकून घेतलं आणि विचारलं, कोणी पकडलं काय तुला? पगारातून महिना पाचशे कापायचं ठरलं. स्टोअरमध्ये मी अजून वीसेक दिवस होतो. त्या वीस दिवसांत मी भोकांचे दोन क्रेट आणले, मासळी त्यात ओतून नळाशेजारी दहा मिनिटं निथळत ठेवायची आणि मग काट्यावर. पहिल्या सकाळी वीसचे सोळा किलो सातशे भरले. पुरवठादाराचा माणूस हसला आणि म्हणाला, घाट्याक धंदो कळना. महिना संपायच्या आत माझी बदली लिनन रूममध्ये झाली. चादरी मोजायच्या. कारण कोणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. बायको दोन आठवडे माझ्याशी धड बोलली नाही. तिचंही बरोबर होतं, घरभाडं वाढलं होतं. फ्रॉक अजून आहे. धाकटीनेही तोच घातला.

तुझं कमिशन म्हणजे माझा बर्फ, असं मी सरसकट म्हणत नाही. काही हॉटेलांत ते उघड चालतं: टॅक्सीचे पैसे रजिस्टरला लिहितात, टिपच्या डब्यात टाकून सगळ्यांत वाटतात, मालकाला ठाऊक असतं. तुझ्याकडे तसं असेल तर माझं बोलणं मागे घेतो. पण काजूच्या दुकानाची गोष्ट वेगळी. पाहुणा तुला विचारतो, चांगला काजू कुठे मिळेल? तो तुझ्यावर विश्वास टाकून विचारतो, कारण टेबलावर तू त्याला काटा नसलेला मासा निवडून दिला होतास. तू त्याला जिथे पाठवतोस तिथे काजू चांगला आहे म्हणून पाठवतोस, की तिथून तुला काही येतं म्हणून? ते ‘काही’ त्याच्याच किलोमागे चढलेलं असतं. त्याला तोंडावर सांगून बघ: साहेब, तिथे गेलात तर मला पैसे मिळतात, बाजारात याहून स्वस्त मिळेल. हे वाक्य घशात अडकलं तर काय ते तुझं तुला कळेल.

लगेच सगळं बंद कर असंही मी म्हणणार नाही. घरी जाणाऱ्या पैशांत खड्डा पडेल, आणि आईला कारण काय सांगणार? एक महिना फक्त वहीत लिही. तारीख, कोणाकडून, किती, कोणत्या पाहुण्यामागे. दर पानाच्या तळाला बेरीज. मग ती वही घेऊन कुमसाराला जा किंवा जाऊ नको, पण बेरीज कर. बंद केलंस तर टॅक्सीवाले चार दिवस तोंड फिरवतील. त्यांच्याशी वाकडेपणा धरू नको, त्यांचीही पोटं आहेत आणि ही रीत त्यांनी एकट्यांनी पाडलेली नाही.

घाटीचं राहिलं. हो, म्हणतात. चर्चमध्येही म्हणतात, आणि चर्चमध्ये जास्त लागतं. आपण नगरकडचे, गावात ‘बाटगे’ ऐकून इकडे आलो, वाटलं इथे तरी सगळे आपलेच. मिस्सात शांती देताना शेजारचा माणूस हात पुढे करताना किंचित थांबतो, ते मला तीन वर्षं दिसायचं. भांडून उपयोग झाला नाही, आणि गप्प बसूनही नाही. झाला तो मे महिन्यात. वाड्यावरच्या खुरसापुढे (क्रुसापुढे) लादीन, म्हणजे गाऊन म्हणायची प्रार्थना, असते, संध्याकाळी. मी खुर्च्या मांडायला गेलो, दुसऱ्या दिवशी चणे उकडायला बसलो. लादीनीला पुस्तक लागत नाही, सूर धरला की झालं. आपल्याकडे हरेगावला मतमाउलीच्या यात्रेत आवाज लावायची सवय असतेच. तिसऱ्या वर्षी एक म्हातारा म्हणाला, तुझो ताळो बरो आसा, म्हणजे तुझा गळा चांगला आहे. घाटी मी अजूनही आहे, पण आता नावासकट.

आणि भाषेवाचून अडलेला तू पहिला नाहीस. बाणावलीचे जोसेफ वाझ १६८७ मध्ये सिलोनला गेले, डचांनी कॅथलिक धर्मगुरूंना बंदी केली होती म्हणून भिकाऱ्याच्या वेषात हिंडले, आणि तमिळ, सिंहली शिकून त्या लोकांत राहिले. २०१५ मध्ये ते संत झाले. उलट बाजूने, इथल्याच सासष्टीत राहून थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने मराठीत ओव्या रचल्या. त्याचं ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये राशोलला छापलं गेलं, तेही रोमी (रोमन) लिपीत. म्हणजे तू ज्या मराठीपायी चर्चमध्ये एकटा पडतोस, ती इथल्या चर्चला चारशे वर्षांपासून ओळखीची आहे.

कोंकणी प्रार्थनाही चर्चच्या पुस्तकांत रोमी लिपीतच असतात, म्हणून आपल्याला आणखी जड जातात. मी एका वहीत त्या ऐकून देवनागरीत उतरवल्या आहेत. आपल्याकडे ‘रोजची भाकर’, इथे ‘दिसपट्टो गिरास’, म्हणजे रोजचा घास. उद्या त्या पानांचा फोटो टाकतो. अक्षर गिचमीड आहे. ‘भोगस’ म्हणजे माफ कर, आपलं भोगणं नव्हे. मी वर्षभर उलटा अर्थ धरून बसलो होतो.