ठिबकचं काम शिकतोय, पण पुढे काय?

ताई, पत्र वाचलं. मुलगा बारावी झाला, एका फिटरच्या हाताखाली ठिबकच्या कामाला जायला लागला आणि आता म्हणतो इरिगेशन टेक्निशियनच व्हायचंय, आणि तुम्हाला वाटतंय की हा जन्मभर नळ्या जोडत बसणार. जोडणीपुरतंच शिकला तर तसंच होईल, खोटं कशाला सांगू. लॅटरल म्हणजे पिकाच्या ओळीतल्या बारीक नळ्या अंथरणं, भोक पाडून त्यात थेंब थेंब पाणी सोडणारे ड्रिपर बसवणं कोणीही चटकन शिकतं. पैसा आणि मान मिळतो तो बिघाड ओळखणाऱ्याला.

म्हणजे बघा, मालकाचा फोन येतो की लाइनच्या टोकाची झाडं सुकतायत. नुसता जोडणीवाला सांगणार, मोठी मोटर घ्या! टेक्निशियन आधी फिल्टरच्या अलीकडचं आणि पलीकडचं प्रेशर बघतो, फरक अर्ध्या बारच्या (बार हे प्रेशरचं माप) आसपास गेला असेल तर फिल्टर तुंबलाय, बॅकफ्लश करा, म्हणजे उलट पाणी सोडून तो धुवा. तिथे सगळं ठीक असेल तर लाइनच्या टोकाला गेज लावतो. साध्या ड्रिपरचं प्रेशर निम्मं झालं तरी पाणी निम्मं होत नाही, साधारण 30 टक्केच कमी होतं, म्हणजे 1 बारला ताशी 4 लिटर देणारा ड्रिपर अर्ध्या बारला 2.8 लिटरच्या आसपास देतो. मग टोकाला अर्धा बार मिळतोय आणि तरी ताशी 1 लिटरच पडतंय तर ड्रिपर चोक झालाय, मोटर बदलून काय उपयोग? एन्ड कॅप, म्हणजे लाइनच्या टोकाचं झाकण, उघडून काय बाहेर येतं ते बघायचं. गाळ आला तर फ्लशिंग, म्हणजे जोराच्या पाण्याने लाइन धुणं, शेवाळ असेल तर क्लोरीन, पांढरा क्षार असेल तर ॲसिड. आणि ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही, क्लोरीन आणि ॲसिड एकत्र तर अजिबात नाही, विषारी वायू तयार होतो. हे ज्या उस्तादाला माहीत नाही त्याच्याकडे पोराला पाठवूच नका.

शिक्षण सोडायचं का असं विचारलंत. नको. कृषी अभियांत्रिकीचा डिप्लोमा मिळाला तर उत्तम, नाहीतर इलेक्ट्रिकलचा कोर्ससुद्धा चालेल, कारण आता विजेवर उघडबंद होणारे सोलेनॉइड व्हॉल्व्ह, कंट्रोलर, मातीतल्या ओलाव्याचे सेन्सर हे सगळं वायरिंगचं काम आहे आणि पाईपवाल्यांपैकी बरेच जण वायरला हात लावायला घाबरतात. गणित मात्र सुटणार नाही. 1000 ड्रिपर, प्रत्येकी 4 लिटर, म्हणजे तासाला 4000 लिटर लागणार आणि पंप 2500 च देतोय तर प्लॉटचे दोन भाग करून पाळीपाळीने पाणी द्यावं लागतं, एवढा हिशोब जागेवर उभं राहून जमला पाहिजे.

उन्हातलं काम आहे, चर खणणं आहे, पाठ दुखते, आणि नवीन जोडणीची कामं हंगामातच येतात. म्हणून मेंटेनन्सची गिऱ्हाईकं बांधायची, त्यावर वर्षभर हात चालू राहतो. शेतीच नाही, ग्रीनहाऊस, नर्सऱ्या, मोठी मैदानं, सगळीकडे हीच विद्या लागते.

सध्या त्याला एक मोजमापाचा पेला आणि वही घेऊन द्या. रोजच्या कामावर लाइनच्या सुरुवातीचा, मधला आणि टोकाचा ड्रिपर, तिघांचं सारख्याच वेळात किती पाणी जमतं ते लिहून ठेवू दे. महिन्याभराने वही भरलेली असेल तर डिप्लोमाच्या ॲडमिशनचं बघू, कोरी असेल तर मला परत लिहा.