डेकच्या फूटिंगला कुठलं काँक्रीट घ्यायचं?

प्रश्न : नमस्कार. घरामागे लाकडी डेक, म्हणजे खांबांवरचा उघडा ओटा करतोय, १२ बाय १६ फूट, सहा फूटिंगवर (म्हणजे भार जमिनीत उतरवणारे काँक्रीटचे पाये). आमच्याकडे थंडीत जमीन साडेतीन फुटांपर्यंत गोठते. दुकानात तीन प्रकारची पोती दिसली, एक साधं ३००० पीएसआयचं (म्हणजे चौरस इंचाला ३००० पौंड दाब पेलणारं), एक ५००० पीएसआयचं आणि एक फास्ट-सेटिंग, जे म्हणे कोरडंच खड्ड्यात ओतायचं आणि वरून पाणी सोडायचं. मित्र म्हणतो सगळ्यात स्ट्राँग घे आणि विषय संपव. एवढंच आहे का खरंच?

उत्तर : नमस्कार. मित्राचा हेतू चांगलाय, पण स्ट्राँग या शब्दात तो अडकलाय. जरा हिशोब करून बघा. डेकचं स्वतःचं वजन आणि वरची माणसं-सामान मिळून एका चौरस फुटाला साधारण ५० पौंड धरतात, म्हणजे तुमचे १९२ चौरस फूट मिळून ९६०० पौंड, सहांत सारखे वाटले तर एकेका फूटिंगवर १६००. १२ इंच व्यासाच्या काँक्रीटच्या खांबावर हे पडलं की होतात फक्त १४ पीएसआय. मधल्या फूटिंगवर जास्त येईल, वर बर्फ साचेल, तरी ३००० च्या आसपाससुद्धा पोचत नाही. म्हणजे वजनाने काँक्रीट चिरडणार नाही, साधं पोतंही त्याला पुरून उरतं.

कमजोर आहे ती खालची माती. चिकणमाती एका चौरस फुटाला साधारण १५०० पौंड पेलते असं धरून चालतात, आणि १२ इंची खांबाचा तळ पाऊण चौरस फुटाच्या थोडा वर, म्हणजे ११८० पौंडांच्या आसपासच. तुम्हाला तर १६०० हवेत! म्हणून तळाशी फूटिंग रुंद करा, मी तरी २० इंच करेन. आणि खोली ४ फूट, त्यात तडजोड नको. मी दोन फुटांवर ओतलेल्या फूटिंगचा डेक बघितलाय, थंडीत एक कोपरा असा उचलला गेला की घराचं मागचं दार उघडताना फळीला घासायला लागलं. मातीतलं पाणी गोठून बर्फाचे थर धरतात आणि वरचं सगळं उचलतात, तिथे ५००० पीएसआय काय करणार.

मग ५००० चं पोतं घेऊच नको का? घ्या, पण कारण वेगळं आहे. फूटिंगचा जो वरचा वीतभर भाग जमिनीच्या आसपास असतो तो अख्खी थंडी ओला होतो, गोठतो, वितळतो, परत गोठतो. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं, काँक्रीटच्या आत जागा नसेल तर वरचे पोपडे निघायला लागतात, नाणं घासलं तरी वाळू हातात येते. यावर दोन उपाय, आणि दोन्ही पाहिजेत. एक, पोत्यावर एअर-एन्ट्रेन्ड लिहिलंय का बघा, म्हणजे त्यात बारीक बारीक हवेचे बुडबुडे मुद्दाम धरलेले असतात, ५ ते ७ टक्के, आणि फुगणाऱ्या पाण्याला तिथे जागा मिळते. दुसरा उपाय तुमच्या बादलीत आहे: पाणी कमी. सिमेंटच्या वजनाच्या ०.४५ पटीपेक्षा जास्त नको. तयार पोत्यात सिमेंट किती ते आपल्याला कळत नाही, म्हणून पोत्यावर लिहिलेलं पाणी मापूनच घ्या, अंदाजाने पाइप धरू नका. लोक इथेच घात करतात, माल कालवायला जड वाटला की अजून एक लोटा, अजून एक लोटा, आणि घेतलेलं महागडं पोतं साध्याच्याही खाली जातं. माल मुठीत दाबला तर गोळा राहिला पाहिजे, बोटांतून पाणी गळायला नको. घट्ट असला की सळईने ठोकत ठोकत भरा म्हणजे पोकळी राहणार नाही.

फास्ट-सेटिंग कोरडं ओतणं कुंपणाच्या खांबाला ठीक, डेकला नको. पाणी आत किती मुरलं, कुठे कोरडं राहिलं, काही कळत नाही.

डेकचे लाकडी खांब काँक्रीटमध्ये गाडू नका, लाकूड कुजतं. धातूचा पोस्ट-बेस, म्हणजे लाकडी खांबाचा पाय धरणारी बैठक बसवा, आणि फूटिंगचा माथा जमिनीच्या थोडा वर ठेवून बाहेरच्या बाजूला जरासा उतार द्या, पाणी साचायला नको.

प्रश्न : थंडी सुरू झालीये, आता ओतलं तर चालेल का?

उत्तर : पारा ४-५ अंशांच्या खाली जात असेल तर माझा सल्ला थांबण्याचाच. थांबता येत नसेल तर गोठलेल्या मातीवर अजिबात ओतू नका, कोमट पाण्यात कालवा, आणि निदान पहिले दोन-तीन दिवस जाड ब्लँकेटखाली झाकून ठेवा, जास्त गार असेल तर आणखी. ताजं काँक्रीट ५०० पीएसआयपर्यंत पोचायच्या आत गोठलं तर त्याची ताकद नंतर कधीच नीट भरून येत नाही. लवकर सेट व्हावं म्हणून कॅल्शियम क्लोराइड टाकायचा मोह होईल, पण आत सळई किंवा बोल्ट असतील तर ते गंजतात, टाकू नका.

ब्लँकेट आधी आणून ठेवा, मग पोतं फोडा.