भाऊ "मी ओझं झालोय" म्हणाला, तर थेट विचारावं का?

ताई, तुमचा मजकूर दोनदा वाचला. धाकटा भाऊ तीन वर्षं पुण्यात राज्यसेवेची तयारी करतोय. दोनदा पूर्व निघाली, मुख्यला अडकला. हल्ली फोन उचलत नाही, आणि परवा उचलला तेव्हा म्हणाला, "मी तुमच्यावर ओझं झालोय, मी नसलो तर तुम्ही तरी सुटाल." तुम्हाला त्याला सरळ विचारायचंय. आई म्हणतात, "विचारू नको, नसतं डोक्यात भरशील."

उत्तर आधी देतो: विचारा. आजच विचारा. बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल.

मी डॉक्टर नाही. बारा वर्षं एका हेल्पलाइनवर आठवड्यातून दोन संध्याकाळी फोन घेतो, त्या निमित्तानं जे वाचलं आणि शिकलो तेवढंच माझं भांडवल. आईंची भीती मला ओळखीची आहे, कारण प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवशी हाच प्रश्न मी विचारला होता. या भीतीची तपासणी झालेली आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या सहा शाळांमधल्या 2,342 मुलांचा अभ्यास 2005 साली प्रसिद्ध झाला. निम्म्या मुलांना आत्महत्येच्या विचारांबद्दल सरळ विचारलं, निम्म्यांना विचारलं नाही. दोन दिवसांनी पाहिलं तर विचारलेल्या मुलांच्या मनात ते विचार वाढले नव्हते. उलट जी मुलं आधीच खचलेली होती, त्यांचा त्रास विचारल्यामुळे थोडा कमीच दिसला. विचार आपण भरत नाही हो, तो असेल तर आधीपासून तिथेच असतो. आपण विचारलं की तो एकट्यानं वाहायचा राहत नाही.

मात्र विचारण्याची पद्धत सांभाळा. "तसलं काही वेडंवाकडं मनात नाही ना रे?" हा प्रश्न आपण स्वतःच्या समाधानासाठी विचारतो. त्यात आपलाच "नाही ना" आहे, म्हणून उत्तरही "नाही गं ताई" असंच येतं आणि दोघं सुटतात. त्याऐवजी त्याचंच वाक्य त्याला परत द्या: "परवा म्हणालास, मी नसलो तर. जीव द्यावा असं मनात येतं का तुझ्या?" एवढंच, आणि मग गप्प बसा. ती शांतता फार लांब वाटते. दर वेळी वाटतं, आपणच काहीतरी बोलावं. बोलू नका.

"हो" म्हणाला तर "सांगितलंस, बरं केलंस" म्हणा. रडू आलं तर येऊ द्या, पण गळ्याची शपथ घालू नका. शपथ घातलेला माणूस पुढच्या वेळी सांगत नाही, एवढाच तिचा परिणाम. पुढचा प्रश्न: "आत्ता येतोय का विचार? काही ठरवलंयस का?" याचं उत्तर हो असेल तर माझं हे लिखाण बाजूला ठेवा. रूममेटला फोन करा, भावाला एक मिनिटही एकटं सोडू नकोस म्हणावं, आणि जवळच्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत घेऊन जायला सांगा. गरज पडली तर 112. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन 14416 वर चोवीस तास फुकट चालते, मराठीत बोलता येतं, आणि काय करावं हे कळत नसेल तर त्याच्याऐवजी तुम्हीसुद्धा तिथे फोन करू शकता.

आता त्या "ओझं" शब्दाबद्दल. हेल्पलाइनवरच्या पहिल्या वर्षी एका मुलाला मी मोठ्या उत्साहानं म्हणालो, "अरे, आईवडिलांचा तरी विचार कर." तो म्हणाला, "काका, त्यांचाच तर विचार करतोय." मला पुढचं वाक्य सुचलं नाही. शेजारी बसलेल्या अनुभवी बाईंनी रिसीव्हर माझ्या हातातून काढून घेतला, म्हणून निभावलं. का चुकलं ते मला बऱ्याच उशिरा, थॉमस जॉइनर वाचल्यावर कळलं. हा अमेरिकी मानसशास्त्रज्ञ. त्याचे स्वतःचे वडील आत्महत्येनं गेले. 2005 साली त्यानं मांडलं की दोन समजुती एकत्र आल्या की मरणाची इच्छा तयार होते: आपण कुणाचेच नाही, आणि आपण आहोत तेच इतरांना जड आहे. इच्छेच्या पुढे जाण्यासाठी तिसरी गोष्ट लागते, वेदनेची आणि मरणाची उपजत भीती बोथट होणं. म्हणून मनात विचार येणाऱ्यांपैकी फार थोडे त्या टोकाला जातात.

तुमच्या भावाच्या डोक्यात एक वही उघडी आहे. कॉट बेसिसचं भाडं, मेस, अभ्यासिका, टेस्ट सिरीज, बाबांनी काढलेलं कर्ज. खर्चाची बाजू पानभर, जमेची बाजू कोरी. त्याचा हिशेब चुकलेला आहे, पण त्याला तो पक्का वाटतोय. म्हणून "आईबाबांनी तुझ्यासाठी किती केलं" हे वाक्य कितीही प्रेमानं म्हटलंत तरी खर्चाच्याच बाजूला लिहिलं जातं. "तू ओझं नाहीस रे" हेही नुसतं म्हणून पटत नाही. त्याची गरज आहे हे कामातून दिसू द्या. पीकविम्याचा अर्ज बाबांना जमत नाही, तो त्याच्याकडूनच भरून घ्या. भाचीला गणित फोनवर त्यानंच शिकवायचं. काम खोटं काढू नका, पोरं हुशार असतात, ओळखतात.

दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. एडविन श्नाइडमन या माणसानं 1958 साली सहकाऱ्यांबरोबर लॉस एंजेलिसमध्ये आत्महत्या प्रतिबंध केंद्र काढलं आणि पुढचं सगळं आयुष्य याच कामाला दिलं. त्याचं म्हणणं असं की मुळाशी मनाचा असह्य ठणका असतो आणि माणसाला तो थांबवायचा असतो. दाढ ठणकते तेव्हा जसं दुसरं काही सुचत नाही, तसं मन आकसतं. दहा वाटांच्या दोन होतात: एक तर सगळं मनासारखं, नाही तर काहीच नको. "पोस्ट निघाली तरच" हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. तो हट्टीपणानं तसं बोलत नाही, त्याला खरंच तेवढंच दिसतंय.

श्नाइडमननं एका तरुण विद्यार्थिनीची हकिगत लिहिली आहे. लग्नाआधी दिवस गेलेले, आणि मरणाशिवाय दुसरं काही तिला दिसेना. त्यानं तिच्याशी जीवनमरणावर वाद घातला नाही. कागद घेतला आणि जमतील तेवढे पर्याय लिहीत गेला. ती प्रत्येकाला नाही म्हणत होती, तो लिहीत होता. मग म्हणाला, यातलं आवडतं काही नाही हे मान्य, पण सगळ्यात कमी वाईटपासून क्रम लाव. तिनं लावला, आणि मरण पहिल्या नंबरावर राहिलं नाही. पुढे उरली ती आयुष्याच्या अटींवरची घासाघीस, आणि घासाघीस करणारा माणूस सौद्यातून उठून गेलेला नसतो.

हे तुम्ही करू शकता. त्याच्यासमोर बसून, पाठकोऱ्या कागदावर. एक वर्ष थांबणं. सरळसेवा भरती. तलाठी, ग्रामसेवक. गावी येऊन तिथूनच अभ्यास. शिकवण्या. खासगी नोकरी. परीक्षा सोडणं, हेही लिहा, हात थरथरला तरी लिहा. "सोडणं म्हणजे हार" असं घरात कुणी म्हणालं असेल तर ते आधी त्यानंच मागे घ्यायला हवं. ग्लासगो विद्यापीठातल्या रॉरी ओ'कॉनरनं 2011 साली मांडलेल्या प्रारूपाचा गाभाच हा आहे: हरल्याची भावना माणूस सोसू शकतो, हरलो आणि आता बाहेर पडायलाही वाट नाही ही भावना धोक्याची. "गावात कुठल्या तोंडानं जाऊ" हे त्या अडकलेपणाचं अस्सल मराठी रूप. ते दार तुम्ही घरच्यांनी आतून उघडून ठेवायचंय. बाबांनी स्वतः फोन करून "पोरा, कधीही ये, कुणाला उत्तर द्यायचं ते माझं मी देईन" म्हटलं तर त्याची सर माझ्या दहा फोनना नाही.

आठवणींचंही असंच काहीतरी होतं. मार्क विल्यम्स आणि सहकाऱ्यानं 1986 साली दाखवलं की आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या लोकांना एखादा शब्द देऊन ठरावीक प्रसंग आठवायला सांगितला, तर ते ढोबळ उत्तर देतात. "आनंद" म्हटलं की "गावी असलो की", "दुःख" म्हटलं की "नेहमीच". एका दिवसाची, एका जागेची गोष्ट हाती लागत नाही. अडचणीतून वाट काढायची तर "मागच्या वेळी मी काय केलं होतं" हे आठवावं लागतं, आणि नेमकं तेच धुक्यात गेलेलं असतं. म्हणून "आपण लहानपणी किती मजा करायचो" असं म्हणू नका. बारीक विचारा: म्हैस व्यायली त्या रात्री कंदील कुणी धरला होता, रेडकाचं नाव काय ठेवलं? तुमच्या घरातलं तुम्हाला ठाऊक. त्याला हसू आलं तर उत्तम, नाही आलं तरी एक खरा दिवस परत आला.

आता कागदाची दुसरी बाजू. बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राउन यांनी सुरक्षा योजनेची एक साधी रीत घालून दिली. अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांत तातडीच्या विभागात ती योजना करून घेतली आणि नंतर फोन करत राहिले; 2018 साली आलेल्या निष्कर्षात पुढच्या सहा महिन्यांतली आत्महत्येची कृत्यं 45 टक्क्यांनी कमी होती. योजना त्यानं स्वतःच्या अक्षरात लिहायची. वाईट वेळ येतेय हे मला कशावरून कळतं (झोप उडते, मेसला जात नाही, फोन उलटा ठेवतो). तेव्हा एकट्यानं काय करता येतं. कुठे जाऊन बसता येतं, जिथे चार माणसं असतात. कुणाला फोन करायचा, नावासकट. डॉक्टर कोण, 14416. आणि धोक्याचं काही हाताशी असेल तर ते आत्ताच दुसऱ्याच्या ताब्यात द्यायचं. शेवटचं कलम लोकांना बाष्कळ वाटतं, "ज्याला करायचंच आहे तो काहीही करेल" म्हणतात. मला हे वाक्य ऐकवत नाही. तीव्र लाट बहुतेक वेळा थोड्या वेळाची असते, आणि तेवढा वेळ मध्ये अंतर असलं तर माणूस पलीकडे निघतो.

"हे सगळं परदेशातलं, आपल्या खेड्यापाड्यांत कुठलं चालायला" असं कुणीतरी खाली लिहीलच, म्हणून अमरावती जिल्ह्याचं सांगतो. तिथल्या तीस गावांत विश्राम नावाचा प्रकल्प झाला. गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन "टेन्शन"बद्दल बोलायचं, आधार द्यायचा, गरज असेल त्याला डॉक्टरांकडे पाठवायचं. नैराश्य असलेल्यांपैकी मदतीपर्यंत पोचणाऱ्यांचं प्रमाण 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेलं, आणि वर्षभरात आत्महत्येचा विचार आला असं सांगणाऱ्यांचं 5.2 वरून 2.5 टक्क्यांवर आलं. तुलनेला दुसरी गावं घेतलेली नव्हती, त्यामुळे सगळं श्रेय प्रकल्पालाच असं मी म्हणणार नाही. पण पदवी नसलेला माणूस नीट ऐकू शकतो, एवढं त्यातून दिसलं.

बाबांना पोलिसांची धास्ती आहे असं तुम्ही लिहिलंय. मानसिक आरोग्य कायदा 2017 चं कलम 115 सांगतं की असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असं गृहीत धरायचं, आणि तिला खटला वा शिक्षा नाही. तिची काळजी आणि उपचार ही सरकारची जबाबदारी. त्या धास्तीपायी डॉक्टर टाळू नका. मानसोपचारतज्ज्ञाची वेळ या आठवड्यातलीच घ्या, आणि पहिल्या खेपेला तुम्ही सोबत बसा.

आज रात्री फोनवर विचारा, आणि उत्तर काहीही आलं तरी उद्याची गाडी पकडा. जाताना शेंगदाण्याची चटणी न्या, पुस्तकं नेऊ नका. निकालाचा विषय तुमच्याकडून निघायला नको. मी दहानंतर इथेच असतो. बोलणं झालं की दोन ओळी लिहा.