कोरोनाची तिसरी लाट लहान मुलांवर येणार म्हणत होते, त्याचं पुढे काय झालं?

लाट आली, पण मुलांवर तुटून पडली नाही. २०२१ च्या मे-जूनमध्ये सगळीकडे तेच चालू होतं, मोठ्यांना लस मिळतेय आणि मुलांना नाही म्हणजे आता व्हायरस मुलांनाच धरणार असा सरळ हिशोब लोकांनी केला, महाराष्ट्र सरकारनेही बालरोगतज्ञांचा टास्क फोर्स नेमला आणि मुलांसाठी वेगळे वॉर्ड तयार केले. ती तयारी बरोबरच होती, त्याला नावं ठेवू नका.

पण हिशोबात एक गोष्ट राहिली. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या जून-जुलै २०२१ च्या सिरो सर्व्हेत, म्हणजे रक्त तपासून केलेल्या पाहणीत, ६ ते १७ वयाच्या निम्म्याहून जास्त मुलांमध्ये कोरोनाविरुद्धच्या अँटिबॉडीज सापडल्या, म्हणजे बऱ्याच मुलांना कोरोना आधीच होऊन गेला होता आणि घरच्यांना कळलंही नव्हतं. दिल्लीच्या एम्स हॉस्पिटलचे तेव्हाचे डायरेक्टर डॉ. गुलेरिया पण तेव्हाच सांगत होते की मुलांना जास्त धोका आहे याला पुरावा नाही, ते फार कोणी ऐकलं नाही. मग जानेवारी २०२२ ला ओमायक्रॉन या नव्या प्रकाराची तिसरी लाट उसळली, मुलंही आजारी पडली पण बहुतेक जण घरीच बरी झाली. मला जास्त वाईट शाळांचं वाटतं, या भीतीपायी कितीतरी पालक शाळा उघडल्यावरही मुलांना पाठवायला तयार नव्हते आणि ज्यांच्या घरी स्मार्टफोनच नव्हता त्या पोरांचं त्यात खरंच फार नुकसान झालं.