बहुविकलांग मुलांच्या शाळेत वर्ग वयावरून पाडावेत की गरजेवरून?

तुम्ही लिहिलंय की गोव्यातल्या एका विशेष शाळेत नुकत्याच रुजू झालात, जूनमध्ये चोवीस मुलांचे तीन वर्ग पाडायचे आहेत, बहुतेक मुलं सेरेब्रल पाल्सीची (मेंदूला लहानपणीच झालेल्या इजेमुळे हालचालींवर ताबा नसलेली), काहींना सोबत फिट किंवा दृष्टिदोष. आणि मुख्याध्यापकांचं म्हणणं, 'जास्त त्रास असलेली' आठ मुलं एका वर्गात घालू, म्हणजे दोन्ही मदतनीस तिथंच ठेवता येतील. हे करावं का?

करू नका. आम्ही एके वर्षी नेमकं हेच केलं होतं. तो वर्ग तळमजल्यावर होता म्हणून सगळे त्याला 'खालचा वर्ग' म्हणायचे. दिवाळीपर्यंत त्या शब्दाचा अर्थ बदलला होता, आणि तो बदलणाऱ्यांत मीही होते.

आठ खुर्च्या अर्धवर्तुळात, आठही तोंडं माझ्याकडे. शेजाऱ्याकडे मान वळवता येईल असं एकच मूल. चेंडू दिला तर पुढं सरकवणारं कुणी नाही, गाणं म्हटलं तर म्हणणारी मी एकटी. मुलं माझ्याशी किंवा मदतनीस बाईशी बोलायची, डोळ्यांनी का होईना, पण एकमेकांशी काहीच नाही. पुढच्या वर्षी वर्ग वयावरून पाडले. वॉकर घेऊन चालणारा एक मुलगा रोज सकाळी एका मुलीच्या ट्रेवर घंटा नेऊन ठेवायचा, आणि ती मूठ उघडून ती घ्यायची. ओटी मॅडम (हातांच्या रोजच्या हालचाली शिकवणाऱ्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट) त्याच मुठीशी चार महिने झगडत होत्या. त्या म्हणाल्या, "माझ्यासाठी कशाला उघडेल?"

पण मुख्याध्यापकांना घंटेची गोष्ट सांगून उपयोग नाही, त्यांना हिशेब दाखवा. पूर्ण उचलावं लागणारं मूल दिवसात किती वेळा उचललं जातं ते मोजा. बसमधून खुर्चीत, खुर्चीतून चटईवर, चटईवरून डायपर बदलायच्या टेबलावर, तिथून स्टँडिंग फ्रेममध्ये (मुलाला आधार देऊन उभं ठेवणारी चौकट), फ्रेममधून जेवायला खुर्चीत, परत टेबलावर, परत बसमध्ये. सात वेळा. पट्टे लावणं-सोडणं धरून एका वेळेला चार मिनिटं, दोन माणसं. आठ मुलांची छप्पन्न उचलणी म्हणजे पावणेचार तास. शाळाच पाच तासांची! उरलेल्या सव्वा तासात जेवण. म्हणजे मदतनीस एकत्र ठेवून तुम्ही वर्ग चालवत नाही, उचलण्याचा कारखाना चालवता. हीच आठ मुलं तीन वर्गांत वाटली, तर एका वर्गाच्या वाट्याला जास्तीत जास्त एकवीस उचलणी येतात, दीड तासाच्या आत. एकूण काम तेवढंच राहतं हे खरं, पण चालणारी मुलंही सोबत असलेल्या वर्गांत त्या वेळी शिक्षिकेचे हात मोकळे असतात आणि त्याही दुसरं माणूस म्हणून उभ्या राहू शकतात. मदतनीस दोनच असतील तर तीनही वर्गांचं टेबलावर न्यायचं वेळापत्रक अर्ध्या-अर्ध्या तासानं पुढंमागं लावा, नाहीतर सगळे एकाच वेळी संडासाच्या दाराशी.

वरून आणखी एक. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या विशेष शिक्षकांसंबंधीच्या निकालात भारतीय पुनर्वसन परिषदेनं (विशेष शिक्षकांच्या प्रशिक्षणाचं नियमन करणारी संस्था) सुचवलेलं प्रमाण दिलेलं आहे: सेरेब्रल पाल्सीच्या ८ मुलांमागे १ शिक्षक, बौद्धिक अक्षमता किंवा ऑटिझम असलेल्या ५ मागे १, आणि दोन किंवा जास्त अपंगत्वं एकत्र असतील तर २ मागे १. तुमच्या आठांतल्या निम्म्यांना दृष्टिदोषही असेल, तर कागदावर त्यांचं प्रमाण निराळंच होतं. माणसं मागायला जाताना प्रत्येकाची प्रमाणपत्रं बघून हा आकडा काढून न्या.

आता 'वयावरून' म्हणजे डोळे मिटून वयावरून नव्हे. आमचे दोन नियम होते. एका वर्गात पूर्ण उचलावी लागणारी मुलं तीनच. आणि धावणारं, ओढणारं मूल असेल तर एकच, तेही स्टँडिंग फ्रेमपासून लांब. नळीतून जेवणारं मूल आणि हाताला लागेल ते ओढणारं मूल एका खोलीत ठेवलं की दिवसभर तुमचे डोळे त्या नळीवर. दचकणाऱ्या मुलांचंही बघा. काहींचं सगळं अंग एका टाळीनं ताठ होतं. किंचाळणाऱ्या मुलाशेजारी ते मूल बसलं तर दुपारपर्यंत त्याचे हात उघडत नाहीत.

वय मात्र सोडू नका. चौदा वर्षांच्या मुलीला बोलता येत नाही म्हणून तिच्यापुढं चांदोबाची गाणी लावणं हा मला अपमान वाटतो. तिला तिच्या वयाच्या मुली आणि त्यांच्या कुचूकुचू गोष्टी हव्या असतात. शिवाय मोठ्या मुलींचं कपडे बदलणं पडद्याआड आणि बाईच्याच हातानं व्हायला हवं. चार वर्षांच्या मुलांच्या वर्गात तेवढा पडदा ओढायची कुणाला सवय नसते.

फळा बाजूला ठेवून आधी भिंतीवर एक तक्ता लावा. त्यात मुलांची नावं, तास, आणि त्या तासाला मूल कुठल्या पोझिशनमध्ये आहे ते. बहुतेक शाळांत पोझिशन फिजिओच्या वहीत असते आणि तास शिक्षिकेच्या, दोन्ही वह्या कधी भेटत नाहीत. गोष्ट ऐकायची असेल तर मूल कुशीवर, पायांत उशी घालून निजलेलं चालतं. हातानं चित्र चिकटवायचं असेल तर पाय टेकलेले, कंबर पट्ट्यानं धरलेली, ट्रे कोपराच्या उंचीला हवा. मान सावरायला शिकवताय ना, मग त्याच वेळी नवं अक्षर शिकवू नका. मान धरण्यातच त्या मुलाची सगळी ताकद जाते, आणि आपण लिहून ठेवतो की 'लक्ष देत नाही'.

थेरपीसाठी मुलाला वर्गातून उचलून नेणं शक्य तेवढं कमी करा. फिजिओला वर्गात बोलवा. गणिताच्या तासाला स्टँडिंग फ्रेममध्ये उभं राहिलं की दोन्ही कामं होतात, आणि एक उचलणी वाचते.

जेवणाबद्दल एकच सांगते, कारण इथं गोव्यात ते फार होतं. घरून डब्यात उकड्या तांदळाची पेज येते. आजी म्हणते, पातळ आहे, सहज उतरते. ज्या मुलाला गिळायला त्रास आहे त्याला हीच सगळ्यात अवघड. पाणी आधी घशात जातं, शीतं मागून येतात, मुलाला एका घासात दोन निरनिराळ्या गोष्टी सांभाळाव्या लागतात. ठसका लागतो तो तिथंच. मिक्सरमधून काढून एकजीव, चमच्यावर टिकेल एवढी दाट करा. मूल पाठ सरळ ठेवून बसलेलं, हनुवटी किंचित खाली, आणि जेवणानंतर अर्धा तास आडवं करायचं नाही. म्हणजे जेवणानंतरचा तास चटईवरचा ठेवता येत नाही. तक्ता करताना हे हमखास चुकतं. आमचं चुकलं होतं, आणि एका मुलाचं छातीतलं इन्फेक्शन तीनदा झाल्यावर स्पीच थेरपिस्टनं ते पकडलं.

संवादाचे बोर्ड (न बोलणाऱ्या मुलानं बघून किंवा बोट ठेवून सांगायचे चित्रांचे फलक) करणार असाल तर छापील मराठी संच घेऊन थांबू नका. मूल घरी कोंकणी ऐकतं. 'हवं' आणि 'नको' ही चित्रं आमच्या वर्गात वर्षभर नुसती टांगलेली होती. खाली 'जाय' आणि 'नाका' लिहून आम्हीही तसंच बोलायला लागलो, तेव्हा एक मुलगा पहिल्याच आठवड्यात डोळ्यांनी 'नाका'कडे बघायला लागला. पहिल्यांदा काय नको म्हणाला, तर माझं गाणं. आणि विचारल्यावर थांबा. मनातल्या मनात पंधरापर्यंत मोजा. आपण पाचाला दुसरा प्रश्न विचारतो आणि पहिल्याचं उत्तर वाटेतच मरतं.

सकाळचा पहिला तास अभ्यासासाठी धरूच नका. सत्तरी, डिचोली तालुक्यांतून येणारं मूल बसमध्ये तासभर पट्ट्यात बसलेलं असतं, ताठ झालेलं असतं. त्याला सव्वानऊला अक्षरं दाखवण्यात अर्थ नाही. चटई, डायपर, पाणी. पण हा वेळ वाया गेलेला समजू नका. डायपर बदलताना 'कंबर उचल' म्हणून थांबलात आणि त्यानं इंचभर उचलली, तर आयईपीत, म्हणजे त्या मुलाच्या वैयक्तिक शिक्षण आराखड्यात, लिहायला तेवढं पुरे. चतुर्थीच्या सुट्टीनंतरचा आठवडाही असाच सोडा, मुलं घरी मांडीवर आणि गादीवर राहून घट्ट होऊन येतात.

हात-पाय नीट स्थितीत धरून ठेवणारी स्प्लिंट काढल्यावर कातडीवरचा लाल डाग वीस-पंचवीस मिनिटांत गेला नाही, तर ती स्प्लिंट त्या दिवशी परत घालू नका, फिजिओला दाखवा. पावसाळ्यात घाम आणि बुरशीनं हे जास्त होतं. खुर्च्यांचे व्हेल्क्रो पट्टे मे महिन्यातच तपासून घ्या, जूनच्या पहिल्या पावसात सगळे एकदम सुटायला लागतात, आणि दुरुस्ती करणारा त्याच वेळी छत्र्यांत गुंतलेला असतो.