आकडा, आकडी आणि आकडेवारी

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका वाचकाच्या सोसायटीत कोविडपासून दोन तट पडलेत. एक मास्क आणि लस मानणारा, दुसरा 'सगळे आकडे खोटे' म्हणणारा. वाद अजून मिटलेला नाही. परवा त्यात एका गृहस्थांनी भर घातली की 'आकडा' हा मुळात मटक्याचा शब्द, आरोग्य खात्यानं तो वापरूच नये, 'सांख्यिकी' म्हणावं, म्हणजे लोकांचा विश्वास बसेल. हे खरं का? 'कोरोनाची आकडेवारी वाढली' हे बरोबर की 'आकडा वाढला'? आणि जाता जाता, विलगीकरण आणि अलगीकरण यांत फरक काय?

मधला प्रश्न आधी निकालात काढतो, कारण 'आकडेवारी वाढली' हे वाक्य मी दोन वर्षं रोज संध्याकाळी बातम्यांत ऐकलं आहे आणि रोज चिडलो आहे. आकडेवारी वाढत नाही. रुग्ण वाढतात, रुग्णसंख्या वाढते, फार तर आकडा वाढतो. आकडेवारी म्हणजे आकड्यांची फोड: कुठल्या जिल्ह्यात किती, कुठल्या वयाचे किती, कुठल्या तारखेला किती. ती जाहीर होते, तपासली जाते, चुकते, दुरुस्त होते. 'आजची आकडेवारी ४० हजार' असं म्हणणाऱ्याच्या हातात एकच आकडा असतो, वारी नसतेच.

आता आकड्याकडे येऊ. मटक्याचा आकडा हा या शब्दाचा सगळ्यात धाकटा अर्थ. मुंबईत न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातल्या भावांवर सट्टा लागायचा, त्यातून तो रूढ झाला. त्याच्या कितीतरी आधीपासून मराठीत आकडा म्हणजे हूक. मिशांना पीळ देऊन टोकं वर वळवली की त्या आकडेबाज. तारेवर हूक टाकून वीज चोरणं म्हणजे आकडा टाकणं. आमच्या आजीच्या परसात शेवग्याच्या शेंगा काढायला वेळूची लांब काठी होती, टोकाला विळ्यासारखं वाकवलेलं लोखंड सुतळीनं करकचून बांधलेलं. तिला आकडी म्हणत. आणि धाकट्या मावसभावाला तापात झटका आला, अंग धनुष्यासारखं वाकलं, तेव्हा त्याच आजीच्या तोंडून आलं, 'पोराला आकडी आली.' शेंगा काढायची काठी आणि तापातला झटका यांना एकच नाव, कारण दोन्हींत वाकणं आहे.

संख्या या अर्थाचा आकडा आणि हूक या अर्थाचा आकडा हे दोन वेगळे शब्द, उच्चार योगायोगानं एक झाला, असं मानणारे अभ्यासक आहेत. मला हे मुळीच पटत नाही. संस्कृत 'अंक' या एकाच शब्दात हे दोन्ही अर्थ आधीपासून नांदतात. अंक म्हणजे वाक, आकडी. अंक म्हणजे मांडी, कारण बसलं की कमरेपाशी देह वाकतो आणि तिथं मूल घेतात. अंक म्हणजे खूण. आणि अंक म्हणजे संख्येचं चिन्ह. हत्तीचा अंकुश याच घरातला. ग्रीकमध्ये कोपराला 'आन्कॉन' म्हणतात, लॅटिनमध्ये हुकाला 'उन्कुस', इंग्रजीतला घोटा 'अँकल' आणि जहाजाचा नांगर 'अँकर', सगळी भावंडं. जुन्या मराठीत 'आंकडा' असा अनुस्वार देत. १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढले, त्यात तो गेला आणि अंकाशी असलेली नाळ डोळ्यांआड झाली. डोळ्यांआड झाली म्हणून तुटली असं धरून चालणं हा अभ्यासाचा आळस आहे.

वाकण्यातून संख्या कशी आली, तर खुणेवाटे. गुराच्या अंगावर मालकीची खूण करायची, तो अंक. खूण केलेला तो अंकित. पाणिनीच्या सहाव्या अध्यायात जनावरांच्या कानांवरच्या खुणांचं एक सूत्र आहे. कर्ण शब्दाआधी खुणेचं नाव आलं तर त्याचा स्वर दीर्घ होतो, पण काही शब्द अपवाद, आणि त्या अपवादांत चक्क 'अष्ट' आणि 'पंच' आहेत. कानावर आठाची खूण असलेली गाय, पाचाची खूण असलेली गाय! हे सूत्र मी पहिल्यांदा वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. आकडा कागदावर यायच्या आधी जिवंत कानावर होता. जो मोजला गेला तो कोणाचा तरी झाला. आजही आपण 'तो त्याचा अंकित आहे' म्हणतो तेव्हा तीच गाय बोलत असते.

'सगळे आकडे खोटे' म्हणणाऱ्यांवर नुसतं खेकसून म्हणूनच भागत नाही. मोजलं जाण्याची भीती या शब्दाइतकीच जुनी आहे. सप्टेंबर १८९६मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकॅसिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. पुढच्या फेब्रुवारीत साथरोगांचा कायदा आला. महाराष्ट्रात मार्च २०२०मध्ये लागू केला तो हाच, १२३ वर्षांचा. प्लेग झाला असं कळलं की रोग्याला उचलून इस्पितळात न्यायचे, घरच्यांना छावणीत, सामान जाळायचे किंवा धुऊन काढायचे. मग लोक काय करणार? रोगी लपवत. मेलेल्याची नोंद साध्या तापात करत. त्या वर्षी मुंबईत प्लेगनं मेलेल्यांचा नोंदलेला आकडा एक सांगत होता आणि शहरात एकूण वाढलेली मरणं त्याहून कितीतरी जास्त होती. आकडी शेंगेला लागते तसा तो आकडा घराला लागत होता, म्हणून घरं त्यापासून लपली. पुण्यात पुढं काय झालं, २२ जून १८९७च्या रात्री गणेशखिंडीत रँडवर गोळ्या का झाडल्या गेल्या, हे शाळेत सगळ्यांनी वाचलेलं आहे. तिथं थांबत नाही, कारण मला 'वारी'कडे जायचं आहे.

आकडेवारीतल्या वारीचा पंढरीच्या वारीशी संबंध जोडणारं एक स्पष्टीकरण मधूनमधून कानावर येतं: आकडे एकामागून एक दिंडीसारखे चालतात म्हणून आकडेवारी. ऐकायला गोड आहे, पण निखालस चूक. ही वारी म्हणजे 'वार'ला लागलेला ई. जिल्हावार, तपशीलवार, मुद्देवार, हप्तेवार यांतला दफ्तरी वार. त्यावरून वर्गवारी, प्रतवारी, क्रमवारी, टक्केवारी. आणि माझ्या मते या सगळ्यांची थोरली बहीण म्हणजे आणेवारी. हे माझं मत आहे, कोणत्या कोशाचं नाही, पण मी ते सोडणार नाही.

सोळा आणे म्हणजे पूर्ण पीक. यंदा पीक किती आणे आलं हे ठरवायचं ती आणेवारी. त्या एका आकड्यावर शेतसारा माफ होणार की तहकूब की पुरा भरायचा हे ठरे. गुजरातेतल्या खेडा जिल्ह्यात १९१८मध्ये झालेल्या सत्याग्रहाचं मूळ तिथंच होतं. चार आणे किंवा त्याखाली पीक असेल तर सारा तहकूब करण्याचा नियम होता. शेतकरी म्हणत पीक चार आण्यांखाली आहे, अधिकारी म्हणत वर आहे. सरकारी आकड्यावर विश्वास ठेवायचा की नाही, हाच तो वाद! पुढं आण्यांचे पैसे झाले, आणेवारीची पैसेवारी झाली आणि पन्नास पैशांची रेघ आली: पीक त्याखाली असेल तर सवलत. विदर्भ-मराठवाड्यातल्या माणसाला विचारा, पैसेवारी पन्नासच्या वर दाखवली की तालुक्यात काय संताप होतो.

पण पैसेवारीची एक रीत मला फार मोलाची वाटते. ती तीनदा जाहीर होते: आधी नजरअंदाज पैसेवारी, मग सुधारित, मग अंतिम. (नजरअंदाज म्हणजे नजरेनं केलेला अंदाज. 'दुर्लक्ष' या अर्थानं तो हल्ली वर्तमानपत्रांत घुसला आहे तो हिंदीतून. असं लिहिणाऱ्यांनी एकदा तलाठ्याबरोबर बांधावर जाऊन यावं.) पहिला आकडा कच्चा आहे हे त्याच्या नावातच सांगितलेलं असतं. तो बदलला तर शेतकरी भांडतो, पण 'बदललाच कसा' असं म्हणत नाही.

कोविडच्या आकड्यांना हे नाव कोणी दिलं नाही. १६ जून २०२० रोजी राज्यानं आधी न मोजलेले १,३२८ मृत्यू एकदम यादीत घातले, त्यातले ८६२ मुंबईचे. दप्तर पडताळून चूक दुरुस्त केली हे चांगलंच झालं. पण रोजच्या आकड्याला कोणी 'नजरअंदाज' म्हटलेलं नव्हतं, तो अंतिम असल्यासारखा वाचला जात होता. मग एका तटानं म्हटलं, बघा, लपवत होते. दुसऱ्यानं म्हटलं, बघा, फुगवले. एकाच दुरुस्तीतून दोन्ही तटांना दारूगोळा मिळाला.

माझा मामा एप्रिल २०२१मध्ये गेला. खाट मिळायला दीड दिवस लागला, चाचणीचा अहवाल तो गेल्यावर आला आणि रुग्णालयाच्या कागदावर कारण लिहिलं होतं 'न्यूमोनिया'. मामी तो कागद घडी घालून डब्यात ठेवायची आणि कोणी आलं की काढून विचारायची, 'मग हे कोरोनात धरलेत का नाही?' त्याच सप्टेंबरात केंद्राच्या सूचना आल्या की बाधित ठरल्यापासून ३० दिवसांतला मृत्यू, रुग्णालयाबाहेर झाला तरी, कोविडचा धरावा. सर्वोच्च न्यायालयात पन्नास हजारांच्या मदतीचा विषय आला तेव्हा महाराष्ट्रात नोंदलेल्या मृत्यूंपेक्षा अर्ज जास्त आले. मामीचा अर्ज त्यांतला एक. ती कुठल्याच तटातली नव्हती. तिला फक्त आपल्या माणसाचा आकडा कुठं अडकवलाय ते हवं होतं.

अडकवणं हाच मुद्दा आहे. 'मृत्युदर' या शब्दाचा जो खेळखंडोबा झाला तो त्यामुळंच. राज्यात नोंदलेले कोविडमृत्यू सुमारे १ लाख ४८ हजार. त्यांना नोंदलेल्या रुग्णांनी, म्हणजे ८१ लाखांहून थोड्या जास्त संख्येनं भागलं तर दर शंभर रुग्णांमागं १.८. त्यांनाच २०११च्या जनगणनेतल्या ११.२४ कोटी लोकसंख्येनं भागलं तर दर हजार माणसांमागं १.३. पहिल्याला रुग्णांमधला मृत्युदर म्हणायला हवं, दुसऱ्याला लोकसंख्येतला. बातमीपत्रं दोहोंनाही नुसतं मृत्युदर म्हणत राहिली आणि सोसायट्यांमधून माणसं एकमेकांना खोटारडी ठरवत राहिली. भांडण सगळं अंशावर, आणि फरक सगळा छेदात. मराठीत छेद किती नेमका शब्द आहे! कापणं. कुठं कापलं यावर तुकडा ठरतो.

म्हणून त्या गृहस्थांना सांगा की 'सांख्यिकी' म्हटल्यानं काडीचा फरक पडणार नाही. सांख्यिकी हे शास्त्राचं नाव आहे. संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांनी १९३३मध्ये आपल्या नियतकालिकाला 'संख्या' नाव दिलं ते समजून उमजून, संख्या आणि यथार्थ ज्ञान हे दोन्ही अर्थ मनात धरून. शास्त्राचं नाव रोजच्या रुग्णगणतीला चिकटवलं तर शास्त्राचीही किंमत जाईल आणि गणतीचीही. परिभाषा घडवणाऱ्यांना वाटतं की शब्द जितका संस्कृत तितका विश्वासार्ह. हा भ्रम आहे. शेतकऱ्याला 'अंतिम पैसेवारी' कळते, कारण ती कोणत्या बांधावर, कोणासमोर, कितव्यांदा ठरली ते त्याला माहीत असतं. रोजच्या आकड्याला 'कच्चा आकडा' म्हणा, महिन्यानं 'सुधारित' म्हणा, वर्षानं 'अंतिम' म्हणा. शब्द घरात आहेत.

राहिलं विलगीकरण आणि अलगीकरण. रोगी झालेल्याला बाजूला ठेवणं वेगळं आणि संपर्कात आलेल्या धडधाकट माणसाला काही दिवस वाट बघायला लावणं, म्हणजे क्वारंटाईन, वेगळं. २०२०च्या सरकारी पत्रकांत 'होम क्वारंटाईन' आणि 'गृह विलगीकरण' शेजारी-शेजारी छापून हा फरक पुसला गेला. मी रोग्यासाठी विलगीकरण आणि संपर्कातल्यासाठी अलगीकरण लिहितो. दोन्ही शब्द 'लग्', म्हणजे चिकटणे, या धातूचे. अलग म्हणजे अलग्न, न चिकटलेला. लागण त्याच धातूची, लग्नही त्याचंच. गंमत म्हणजे संस्कृतात 'विलग्न'चा अर्थ चिकटलेला असा होतो, मराठीनं तो पार उलटा केला. पण या दोन्हींच्या आधी आपल्याकडं एक साधा शब्दप्रयोग होता. प्लेगच्या वर्षांत खेड्यातली माणसं आपणहून माळावर झोपड्या घालून राहायला जात, सरकारनं सांगायची वाट न बघता. आजी ते सांगताना एवढंच म्हणायची, 'त्या साली गाव बाहेर पडलं होतं.'