तंग आवळताना घोडी चावते

प्रश्न : माथेरानला पर्यटकांसाठी माझी एक घोडी आहे. हल्ली खोगीर टाकलं की कान पाडते, तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) आवळताना चावायला येते. घरीच मालिश करू का?

उत्तर : करा, पण आधी पाठ तपासा. 'खोडी लागली' म्हणून चाबूक दाखवणारे मला मुळीच आवडत नाहीत. खरारा झाला की सपाट तळव्याने, कण्याच्या दोन्ही बाजूंनी, मानेच्या बुडापासून कमरेकडे सावकाश जा. कातडी थरथरते, घोडी पाठ खाली दाबून घेते किंवा एखादी जागा गरम लागते? मग मालिश नको. खोगीर बंद आणि जनावरांचे डॉक्टर.

खोगिराचा भार शेवटच्या, म्हणजे सहसा 18व्या बरगडीच्या मागे पडू नये. चढावर ते मागे सरकतं, तेव्हा वाटेत उतरवून नीट बसवा. गिऱ्हाईक थांबतं.

डॉक्टरांनी हिरवा कंदील दिला की गाजर घ्या. घोडीला थोडं फिरवून आणल्यावर ते तिच्या तोंडापुढे धरून आधी छातीकडे, मग एकेका बाजूच्या बरगड्यांकडे न्या, चार-पाच सेकंद मान तिथेच राहू द्या. हिसका नको. 2011च्या एका अभ्यासात असा व्यायाम आठवड्यातून 5 दिवस, 3 महिने केलेल्या घोड्यांचे कण्यालगतचे स्नायू भरले होते.